रनिंग फुटाचा हिशोब: लांबीवर मोजल्या जाणाऱ्या बांधकाम साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिमेंट गोणीवर येतं, वाळू ब्रासवर, विटा हजारावर. त्यांचा हिशोब सहसा कुणाचा चुकत नाही. घोळ होतो तो पाइप, सळई, पत्रा, पट्टी, चौकट, वायर अशा लांबीच्या मालात. भाव एका मापात सांगतात, माल दुसऱ्या मापात येतो आणि वापर तिसऱ्याच मापात होतो. खालच्या उदाहरणांतले भाव हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. त्या जागी तुमच्या गावचा आजचा भाव घाला. मापं आणि वजनं मात्र खरी आहेत.

रनिंग फूट म्हणजे नेमकं काय? चौरस फुटाशी त्याचा मेळ कसा घालायचा?

रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी. रुंदी, उंची, जाडी आधीच ठरलेली आहे असं दोघांनी गृहीत धरलेलं असतं आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. खिडकीच्या ग्रॅनाइट पट्टीचा भाव एकजण १५० रुपये रनिंग फूट सांगतो, दुसरा १६५. पहिल्याची पट्टी ९ इंची आहे आणि दुसऱ्याची ११ इंची, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

रनिंगचा भाव रुंदीने (फुटात) भागला की चौरस फुटाचा भाव निघतो. ९ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून १५० भागिले ०.७५, म्हणजे २०० रुपये चौरस फूट. ११ इंच म्हणजे ०.९१७ फूट; १६५ भागिले ०.९१७, म्हणजे १८० रुपये. महाग वाटणारा माल स्वस्त निघाला. पट्टीच्या आकारातला कुठलाही माल तोलताना आधी हा भागाकार करा.

भाव फुटात सांगतात आणि बिलावर मीटर असतो. चटकन कसं बदलायचं?

१ मीटर म्हणजे ३.२८ फूट आणि १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. मीटरच्या भावाला ३.२८ ने भागा म्हणजे फुटाचा भाव मिळेल. बरेचजण तोंडी हिशोबात नुसतं तीनने भागतात. ३०० रुपये मीटरचा माल मग १०० रुपये फूट वाटतो. प्रत्यक्षात तो साडेएक्क्याण्णव रुपयांच्या आत बसतो. म्हणजे शंभरामागे साडेआठ रुपयांची चूक, आणि ती कुणाच्या बाजूने जाईल ते तुम्ही विकताय की घेताय यावर ठरतं.

दुसरी नेहमीची चूक कॅल्क्युलेटरवरची. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ नव्हे, ५.५. इंचांना १२ ने भागूनच दशांशात लिहायचं: ३ इंच ०.२५, ४ इंच ०.३३, ८ इंच ०.६७, ९ इंच ०.७५, १० इंच ०.८३. मिस्त्री वहीत ७.१० लिहितो तेव्हा त्याच्या मनात ७ फूट १० इंच असतात. तोच आकडा मुलगा एक्सेलमध्ये घालतो आणि शीट त्याला सात पूर्णांक एक दशांश समजते. तुकडा नऊ इंचांनी आखूड!

लोखंड आणि लाकडात अजून सूतही चालतं. ८ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलीमीटर. १० मिलीमीटरच्या सळईला तीन सुती, १२ ला चार सुती, १६ ला पाच सुती आणि २० ला सहा सुती म्हणतात. बोलायला हरकत नाही, पण ऑर्डर लिहिताना मिलीमीटरच लिहा. कायद्याचं म्हणाल तर वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे भाव मेट्रिक मापातच सांगायला हवा. बाजार मात्र फुटावर ठाम आहे.

'२० फुटी' पाइप खरंच २० फुटी असतो का?

बहुतेक वेळा नाही. लोखंडी चौकोनी पाइप, जीआय पाइप, अँगल हा माल साधारण ६ मीटरच्या लांबीत येतो. ६ मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. बोलताना तो '२० फुटी' होतो आणि चार इंच हवेत राहतात. तसंच ३ मीटरचा पीव्हीसी पाइप 'दहा फुटी' म्हणून विकला जातो, तो ९ फूट १० इंच भरतो. १२ मीटरची सळई 'चाळीस फुटी', ती ३९ फूट ४ इंच.

यात फसवणूक कमी आणि सवय जास्त, पण हिशोब चुकायचा तो चुकतोच. खिडकीच्या ग्रिलला ५ फुटी उभ्या पट्ट्या हव्यात. २० फुटांत चार बसतात म्हणून चाळीस पट्ट्यांना दहा लांब्या आणल्या. प्रत्यक्षात एका लांबीतून पाच-पाच फुटांच्या तीनच निघतात आणि चौथा तुकडा ४ फूट ८ इंचांचा उरतो, त्यातूनही ब्लेडची कातर जाते. म्हणजे दहा लांब्यांत तीसच पट्ट्या. चाळिसांसाठी चौदा लांब्या लागतील आणि घरात जवळपास पाच-पाच फुटांचे डझनभर तुकडे पडून राहतील. इथे फॅब्रिकेटरशी आधी बोलून पट्टी ४ फूट १० इंचांची करता आली, तर दहाच लांब्या पुरतात. माल घेतल्यावर नव्हे, खिडकीचं माप ठरवतानाच हे बोलायचं असतं.

दुकानात टेप लावून बघायला लाजू नका. लांबी मोजून घ्या आणि बिलावर 'नग' शेजारी मीटरमध्ये लांबी लिहून घ्या.

एकूण किती फूट लागेल ते काढलं, त्याला लांबीने भागलं. एवढ्याने नग निघतात ना?

निघतात, पण चुकीचे. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

शेडसाठी ७ फुटांचे ८ तुकडे आणि ६ फुटांचे ६ तुकडे हवेत असं समजा. एकूण ५६ अधिक ३६, म्हणजे ९२ फूट. १९ फूट ८ इंचांनी भागलं तर ४.६८ येतात. म्हणजे पाच पाइप पुरायला हवेत.

आता कापून बघा. एका पाइपातून ७+७ काढले तर ५ फूट ८ इंच उरतात आणि त्यात ६ फुटी बसत नाही. ७+६+६ काढले तर १९ फूट होतात, ते बसतात. ६+६+६ही बसतात. पण ६ फुटी तुकडे सहाच असल्यामुळे तीन-तीन तुकडे देणारे पाइप जास्तीत जास्त तीन होतात. त्यांचे नऊ तुकडे झाले. उरलेल्या दोन पाइपांचे प्रत्येकी दोन, म्हणजे चार. एकूण तेरा. आपल्याला चौदा हवेत. सहावा पाइप घ्यावाच लागतो, पाचात हे कसंही बसवता येत नाही.

सहा पाइप दोन्ही पद्धतींनी लागतात, तरी कापण्याची पद्धत महत्त्वाची. फॅब्रिकेटरने आधी सगळे ७ फुटी कापले, तर चार पाइपांतून ५ फूट ८ इंचांचे चार तुकडे उरतात आणि उरलेल्या दोन पाइपांतून दीड-पावणेदोन फुटांचे दोन. सगळे अर्धवट. तेच तीन पाइप ७+६+६, दोन पाइप ७+७ आणि शेवटच्यातून एक ७ फुटी असं कापलं, तर शेवटच्या पाइपाचा १२ फूट ८ इंचांचा सलग तुकडा शिल्लक राहतो. तो उद्या गेटला किंवा टाकीच्या स्टँडला लागतो, नाहीतर विकताही येतो. भंगारात जाणाऱ्या तुकड्याला भंगाराचाच भाव मिळतो.

म्हणून फूट मोजू नका, तुकडे मोजा. कागदावर प्रत्येक पाइपाची एक आडवी रेघ ओढा, त्यावर तुकडे मांडा, सगळ्यात लांब तुकड्यापासून सुरुवात करा आणि उरलेल्या जागेत लहान बसतो का ते बघत जा. दर कापाला ३ मिलीमीटर कातर सोडा. हे काम सुतार आणि फॅब्रिकेटर मनात करतात, पण ते त्यांच्या सोयीने करतात. माल तुमचा असेल तर कागद तुमच्या हातात असू द्या.

सळई किलोवर मिळते. मग लांबीचा हिशोब कशाला?

कारण कॉलममध्ये किलो बांधत नाहीत, सळया बांधतात. इंजिनिअरचं ड्रॉइंग लांबी देतं, दुकान वजन मागतं. मधला पूल एकच: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे दर मीटरचं वजन किलोत. व्यास मिलीमीटरमध्ये घ्यायचा. हा १६२ आकाशातून पडलेला नाही. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांची गोळाबेरीज करून तो निघतो.

८ मिलीमीटर: मीटरला ०.३९५ किलो, १२ मीटरच्या सळईला ४.७४ किलो.
१० मिलीमीटर: ०.६१७ आणि ७.४१.
१२ मिलीमीटर: ०.८८९ आणि १०.६७.
१६ मिलीमीटर: १.५८ आणि १८.९६.
२० मिलीमीटर: २.४७ आणि २९.६३.

फिटरने १२ मिलीमीटरची एकूण लांबी ४२० मीटर सांगितली, तर ३७३ किलो. ६० रुपये किलोने साधारण २२,४०० रुपये. मात्र त्या ४२० मध्ये जोडाचे लॅप (दोन सळया जोडताना एकीवर दुसरी चढवलेली लांबी) धरले आहेत का, ते विचारा. लॅप इंजिनिअर सांगेल तेवढाच ठेवायचा. ५० व्यासांचा सांगितला, तर १२ मिलीमीटरला तो ६०० मिलीमीटर, म्हणजे जवळपास दोन फूट होतो. दर जोडाला दोन फूट सळई जाते आणि ती कुठल्याच खोलीच्या मापात दिसत नाही.

नगावर घ्यावी की काट्यावर?

इथे जरा थांबू, कारण पैसे इथेच सुटतात. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात वजनाला सूट आहे. एका लॉटचं सरासरी वजन १० मिलीमीटरपर्यंतच्या सळईत ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के इकडेतिकडे चालतं. रोलिंग मिलला कमी बाजूला राहणं परवडतं. तो माल मानकात बसतो, म्हणून त्यात बेकायदा काही नाही.

आता दुकानदार १२ मिलीमीटरच्या पन्नास सळया देतो आणि तक्त्यातलं वजन लावतो: ५३३ किलो. माल प्रत्यक्षात ४ टक्के हलका असेल, तर तो ५१२ किलोच्या आसपास भरतो. एकवीस किलो लोखंडाचे १,२८० रुपये तुम्ही न घेतलेल्या मालाचे दिले. काट्यावर घेतलं असतं तर तेवढ्याच सळया तेवढ्या पैशांनी स्वस्त पडल्या असत्या. म्हणून पैसे काट्याच्या वजनावर द्या, पण सळयाही मोजून घ्या. दोन्ही आकडे हातात असले की वजन भागिले एकूण मीटर करा आणि वरच्या तक्त्याशी ताडा. सुटीच्या मर्यादेपेक्षा हलकी निघाली तर तो माल उतरवूनच घेऊ नका, मग तो जालन्याच्या मिलचा असो की कुठल्या मोठ्या ब्रँडचा.

टेम्पोत मावावी म्हणून सळई मधून दुमडून येते. तो बाक सरळ केल्यावर तिथली लांबी वापरता येते, पण फिटर लोक आळसाने तिथेच कापतात आणि सहा-सहा मीटरचे दोन तुकडे करून मोकळे होतात. मग लॅप वाढतात. हे साइटवर उभं राहूनच थांबवता येतं.

चौकोनी पाइप, अँगल, पट्टी यांचे दोन दुकानांतले भाव जुळत नाहीत. कुणाचं खरं?

बहुधा दोघांचंही. फरक जाडीत आहे. ४० बाय ४० चा पाइप २ मिलीमीटर जाडीत ६ मीटरला साधारण १४.३ किलो भरतो आणि १.६ मिलीमीटरमध्ये ११.६ किलो. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. एक दुकान ९०० रुपये लांबी म्हणालं, दुसरं ७५०. किलोला भागलं तर पहिला ६३ रुपयांना पडतो आणि दुसरा जवळपास ६५ ला. पाइपाच्या तोंडाशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. तो नसेल तर एक लांबी काट्यावर टाका.

सपाट पट्टीचं वजन काढणं सगळ्यात सोपं: रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५, मापं मिलीमीटरमध्ये. २५ बाय ५ ची पट्टी मीटरला ०.९८ किलो. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो.

छपराला किती रनिंग फूट पत्रा लागेल?

जमिनीवरचं माप घेऊन पत्रा आणला की हमखास कमी पडतो. पत्रा उतारावर चढतो, जमिनीवर नाही.

घर ३० फूट लांब, २४ फूट रुंद, मध्ये आढं, दोन्हीकडे पाखं. म्हणजे एका पाख्याला आडवं अंतर १२ फूट. आढं भिंतीपेक्षा ५ फूट उंच ठेवलं. १२ चा वर्ग १४४, ५ चा २५, बेरीज १६९, वर्गमूळ १३. उतारावरची लांबी १३ फूट. वळचणीला दीड फूट बाहेर काढलं की साडेचौदा फूट. कोकणात पाऊस आडवा येतो, तिथे दीड फूटही कमीच वाटतो.

आता रुंदी. रंगीत प्रोफाइल पत्रा साडेतीन फुटी म्हणून विकतात, पण शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर तो झाकतो साधारण १ मीटर, म्हणजे ३.२८ फूट. प्रोफाइलप्रमाणे हे थोडं बदलतं, म्हणून झाकणारी रुंदी किती ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. ३० फुटांच्या घराला दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, म्हणजे ३२ फूट. ३२ भागिले ३.२८ म्हणजे ९.७६. पत्रे दहा. दोन पाख्यांचे वीस. वीस गुणिले साडेचौदा म्हणजे २९० रनिंग फूट. १३० रुपयांनी ३७,७०० रुपये.

जमिनीचं क्षेत्रफळ घेऊन कुणी काढलं असतं, तर ७२० चौरस फूट भागिले साडेतीन, म्हणजे २०६ रनिंग फूट. ८४ फुटांचा फरक! हा फरक मागाहून आणायचा म्हणजे दुसरं भाडं, आणि रंगाचा लॉट जुळेलच याची खात्री नाही.

रंगीत पत्रा हव्या त्या लांबीत कापून मिळतो, तो तसाच घ्या. आठ-आठ फुटांचे दोन पत्रे जोडायला गेलात तर उभ्या जोडात किमान सहा इंच वाया जातात आणि गळतीची एक जागा वाढते. आढ्यावरची कॅप, स्क्रू, वॉशर वेगळे धरा. कॅपही रनिंगवरच मिळते आणि तिलाही जोडाला चढ द्यावा लागतो. जाडी विचारताना रंगासह की रंगाशिवाय, एवढा एक शब्द जास्त बोला. ०.५० म्हणून दिलेला पत्रा रंगासह ०.५० असेल, तर आतलं पोलाद त्याहून पातळ आहे.

एल आकाराच्या ओट्याचे रनिंग फूट कसे मोजायचे?

एका भिंतीला १० फूट, दुसरीला ८ फूट, ओटा २ फूट रुंद. भिंतीला टेप लावून मोजलं तर १८ फूट. पुढच्या कडेने मोजलं तर ८ आणि ६, म्हणजे १४. कारागीर पहिलं सांगतो, घरमालक दुसरं धरतो आणि दोघंही चूक.

दगड किती लागला ते बघा. १० बाय २ म्हणजे २० चौरस फूट. दुसऱ्या बाजूचा कोपरा त्यात आलेला आहे, म्हणून तिथे ६ बाय २, म्हणजे १२. एकूण ३२ चौरस फूट, भागिले २, म्हणजे १६ रनिंग फूट. ओट्याच्या मधल्या रेषेने मोजलं तरी ९ आणि ७, म्हणजे १६ च येतात. ९०० रुपयांच्या भावाने दोन फुटांचे १,८०० रुपये कोपऱ्यातल्या कोपऱ्यात फिरतात.

कडेचं मोल्डिंग मात्र पुढच्या कडेनेच मोजायचं, कारण घासाई तिथेच होते: १४ फूट, आणि एखादं टोक मोकळं असेल तर त्याचे २ फूट वेगळे. हाफ राउंड आणि फुल राउंडचा भाव वेगळा असतो. सिंकचं भोक नगावर, मागची चार इंची पट्टी भिंतीच्या मापाने, म्हणजे १८ फूट. एकाच ओट्यात तीन लांब्या आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. कोटेशनमध्ये त्या तीन ओळींत वेगळ्या मागा. 'ओटा सगळा मिळून इतके' असं सांगणाऱ्याशी नंतर वाद घालता येत नाही.

जिन्याच्या पायऱ्यांचं नाकही असंच. साडेतीन फुटी अठरा पायऱ्या म्हणजे मोल्डिंग ६३ फूट.

स्कर्टिंगचा हिशोब?

खोलीचा घेर वजा दारं. १२ बाय १० ची खोली, घेर ४४ फूट, एक ३ फुटी दार गेलं की ४१. दोन बाय दोनच्या टाइलमधून चार इंची पट्ट्या सहा निघतात, म्हणजे एका टाइलचे १२ फूट. (कातरीमुळे पट्टी चार इंचांना किंचित कमी भरते, चालतं.) चार टाइल, आणि फुटतुटीला एक. कापायची मजुरी रनिंगवर लावतात, ती आधी ठरवा.

सागाची चौकट रनिंग फुटावर घ्यावी की घनफुटावर?

वखारीत भाव घनफुटाचा असतो, सुतार रनिंगचा सांगतो. बदलायचं सूत्र: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४.

सात बाय तीनच्या दाराला दोन उभे सव्वासात फुटी आणि वरचा आडवा साडेतीन फुटी, मिळून १८ फूट. ५ बाय ३ इंची माल घेतला तर १.८७५ घनफूट. ३,००० रुपये घनफुटाने ५,६२५ रुपये, म्हणजे ३१२ रुपये रनिंग फूट. तेच ४ बाय अडीच घेतलं तर सव्वा घनफूट, ३,७५० रुपये. आपल्याकडे मुख्य दाराला उंबरठा लागतोच, त्याचे आणखी साडेतीन फूट धरा. आतल्या दारांना तो सहसा नसतो, तरी काहीजण सगळ्या चौकटींना लावून मोकळे होतात.

भाव रंध्याआधीच्या मापाचा असतो. रंधा मारल्यावर ५ बाय ३ ची पावणेपाच बाय पावणेतीनच्या आसपास उरते. तेव्हा तयार चौकट मोजून 'कमी दिली' म्हणण्याआधी हे लक्षात घ्या आणि घेताना 'रंध्याआधी की नंतर' हे विचारून घ्या. बल्लारशाचा साग म्हणून भाव लावत असतील तर पावती मागा. नुसत्या रंगावरून भलेभले फसतात.

गोल ओंडका घेत असाल तर घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करतात. ४८ इंच घेर, १० फूट लांबी: १२ चा वर्ग १४४, गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. भूमितीने तोच ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या जवळ भरतो. वरचं साल-फळकट चिरताना जातं म्हणून ही रीत पडली आहे. ओंडका आणि चिरलेला माल यांचे घनफुटाचे भाव म्हणूनच एकमेकांशी ताडू नयेत.

वायर मीटरवर घ्यावी की बंडल?

घरगुती वायरचं बंडल साधारण ९० मीटरचं. एसीच्या लाइनला बोर्डापासून १२ मीटर अंतर असेल तर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मिळून ३६ मीटर वायर जाते. अंतर म्हणजे वायर नव्हे. भिंतीत चढउतार आणि बोर्डात सोडलेली वीत-वीत टोकंही धरा. एकाच लाइनसाठी ४ चौरस मिलीमीटरची वायर लागत असेल तर ती सुटी घ्या. दीड आणि अडीच चौरस मिलीमीटरची मात्र बंडलानेच परवडते. मुंबईत लोहार चाळीत सुटी वायर सहज मिळते, तालुक्याला शोधावी लागते.

प्लंबिंगच्या पाइपाचं काय?

सीपीव्हीसी ३ आणि ५ मीटरच्या लांब्यांत येतो. पाइपाच्या लांबीवर खर्च काढणाऱ्याचा अंदाज इथे निम्म्यावर येऊन चुकतो, कारण बाथरूममध्ये एल्बो, टी, पितळी फिटिंग यांचं बिल पाइपापेक्षा जास्त होऊ शकतं. प्लंबरकडून फिटिंगची नगवार यादी आधी घ्या.

कंपाउंड वॉलचा भाव रनिंग फुटाने दिला आहे. तो बरोबर आहे का?

उंची, पाया किती खोल, प्लिंथ बीम (पायावरचा काँक्रीटचा आडवा पट्टा) आहे का, प्लास्टर एका बाजूने की दोन्ही आणि रंग कुणाचा, हे लिहिल्याशिवाय तो आकडा बरोबरही नाही आणि चूकही नाही. लिहून घेतलं की मग मोजणी. ४० बाय ६० चा प्लॉट, बाहेरून घेर २०० फूट. भिंत ९ इंची असेल तर मधल्या रेषेने तो १९७ होतो. गेटचे १२ फूट गेले की १८५. १,४०० रुपयांनी २,५९,००० रुपये. बाहेरचा घेर गेटसकट धरला तर २,८०,०००. गेटच्या खांबांचे पैसे वेगळे लावलेत आणि गेटची लांबीही भिंतीत धरली आहे, असं कोटेशन अनेकदा दिसतं. दर ताडून बघायचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची बघा. तिथे मापं मेट्रिक आहेत, तेव्हा ३.२८ विसरू नका.

वाया जाणारा माल किती टक्के धरावा?

तुकडे कागदावर मांडले असतील तर टक्क्यांची गरज उरत नाही. मांडले नसतील तर सळईला ३ ते ५ टक्के, लाकूड आणि फॅब्रिकेशनला १० च्या आसपास धरतात. वरच्या शेडच्या उदाहरणात ९२ फुटांना ११८ फूट माल लागला, म्हणजे २८ टक्के जास्त. टक्के आंधळे असतात ते असे.

जीएसटी, हमाली, भाडं हे फुटात कसं बसवायचं?

सळई, लोखंडी पाइप, पत्रा, पीव्हीसी पाइप या सगळ्यांवर १८ टक्के. '५२ रुपये किलो' आणि '६० रुपये किलो' यांत पहिला जीएसटी सोडून असेल तर तो ६१ रुपये ३६ पैशांना पडतो. भाडं आणि हमाली एकूण बिलात मिळवून मग वापरलेल्या फुटांनी भागा, विकत घेतलेल्या फुटांनी नव्हे. लांब मालाला मोठी गाडी लागते. भाडं वाचवायला दुकानातच पाइप अर्धे कापून आणायचे असतील, तर तुकड्यांचा कागद आधी दाखवा. मधोमध कापलेल्या १९ फूट ८ इंचांतून ७+६+६ निघत नाहीत.

उरलेला माल दुकानदार परत घेतो का?

सळईची अखंड लांबी, न कापलेला पाइप, टोकाला आटे न पाडलेला जीआय हे ओळखीवर घेतात, बहुधा थोडे पैसे कापून. मापाने कापलेला पत्रा घेत नाहीत. मोल्डिंग केलेला दगड घेत नाहीत. वायरचं बंडल फोडलं असेल तर ते तुमचंच.